भाचीनं पाठवलेली पुस्तकं

गेल्या महिन्यात गडचिरोलीच्या एका कॉलेजातून मला फोन आला. बोलणाऱ्या प्राध्यापिका फार गोड होत्या. त्यांच्याकडे नवलेखकांचं शिबिर होतं. मी तिथे यावं आणि लेखकानं आपलं लेखन आणि आपली रोजची तब्येत दोन्ही कशी सांभाळावी, यावर वाचण्यासारखी चार पुस्तकं मुलांना सुचवावीत, अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, तसली पुस्तकं मी वाचली आहेत. त्या खूश झाल्या. मग मी म्हटलं, त्यातलं एकही मी कोणाच्या हातात देणार नाही. त्या जरा थांबल्या आणि तारीख कळवते म्हणाल्या. ती तारीख अजून आलेली नाही. तेव्हा तिथे जे सांगितलं असतं ते इथे सांगते.

मी नागभीडला राहते. शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे. पण मला ओळखतात ते शाळेमुळे कमी आणि नाटकांमुळे जास्त. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, की गावोगावी नाटकं लागतात. वडशाच्या कंपन्या ती घेऊन फिरतात, आणि त्या कंपन्यांसाठी मी कित्येक वर्षं लिहीत आले. बाई नाटक लिहिते याचं सुरुवातीला इथल्या लोकांना नवल वाटे, मग वाटेनासं झालं. शहरातल्या साहित्यिकांना अजून वाटतं. ते विचारतात, प्रयोग कुठे झाले? मी गावांची नावं सांगते. मग ते पाण्याचा ग्लास उचलतात.

माझे यजमान रेल्वेत होते, तिकीट खिडकीवर. तिकिटाबरोबर दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा माणूस समोरच्याला सोडत नसे. मागे रांग वाढायची, लोक ओरडायचे, यांचं चालूच. निवृत्त झाल्यावर ते सगळं बोलणं घरात आलं. पण माझ्या कामाला त्याचा मोठा उपयोग होता. मी लिहिलेला प्रत्येक प्रवेश आधी त्यांना वाचून दाखवायची. ते खाटेवर पाय सोडून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "इथी लोकं चहाले उठतीन." मी भांडायची. प्रयोगाला गेलं की लोक बरोबर तिथेच उठायचे. पुढे पुढे मी भांडणं सोडलं आणि तो प्रवेशच पुन्हा लिहायला लागले.

मग एका वर्षी पोळ्याच्या सुमारास दाढी करता करता ते खाली पडले. लकवा होता. चंद्रपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि पाय कामाचे राहिले नव्हते, आणि जीभ जड झाली होती. डोकं मात्र शाबूत. सगळं कळत होतं. डॉक्टर म्हणाले, यांना बोलतं ठेवा, जितकं बोलतील तितकी जीभ सुटेल. रोज आरशापुढे बसवून आ, ई, ऊ म्हणायला लावा.

मी आरसा समोर धरला. त्यांनी एकदा आ म्हटलं. घशातून जो आवाज निघाला तो त्यांनी स्वतःच ऐकला, आणि तोंड मिटून घेतलं. मग भिंतीकडे वळले. त्यानंतर डाव्या हातानं खुणा करायचे. पाणी, लघवीचं भांडं, पंखा, सगळं बोटानं. ओळखीचे लोक भेटायला येत आणि हे बहिरे असल्यासारखं यांच्याशी मोठ्यानं बोलत. काही दिवसांनी तेही यायचे थांबले. येत राहिले ते फक्त शेजारचे चाचा. ते शिंपी आहेत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते यायचे, खुर्चीवर बसायचे, कधी शिवणीतला दोरा काढत, कधी नुसतेच.

माझं लिहिणं थांबलं. वेळ नव्हता हे खरं, पण वेळ मला कधीच नव्हता, शाळेत असतानाही नव्हता. प्रवेश लिहून झाला की वाचायचा कोणापुढे, हा प्रश्न होता. त्या पाठमोऱ्या माणसापुढे वाचायची माझी हिंमत होत नव्हती. वडशाच्या कंपनीच्या मालकांचा फोन यायचा, "बाई, औंदा देऊन राह्यल्या का नाटक?" मी म्हणायची, पाहू.

हे मी एकदा पुण्याच्या भाचीला फोनवर बोलून गेले. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, मोठ्या कंपनीत आहे, मनानं फार चांगली. ती म्हणाली, "मावशी, याला रायटर्स ब्लॉक म्हणतात. यावर खूप छान पुस्तकं आहेत." आमच्याकडे ब्लॉक म्हणजे कंपाऊंडला लावतात ती सिमेंटची वीट. मी हो म्हटलं आणि विसरून गेले. आठवड्याभरात पार्सल आलं.

पाच पुस्तकं होती. सगळी हलकी, गुळगुळीत आणि आतमध्ये भरपूर पांढरी. एका पानावर चार ओळी, बाकी जागा वाचकानं विचार करायला सोडलेली. एकाच्या कव्हरवर वाफाळता चहाचा कप होता. एकावर खिडकी आणि तिच्यात ठेवलेलं रोपटं. एकावर तथागतांचं मस्तक, आणि त्याच्या शेजारी कॉफीचा मग. आमच्या घरात तथागतांपुढे मेणबत्ती लागते, आजवर कॉफी कोणी ठेवली नव्हती. आत प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्यांच्या नावावर एक वाक्य दिलेलं. माझी आई जन्मभर विहारात गेली, पण त्यातलं एकही वाक्य तिच्या कानावर पडलं नसेल. कव्हरं पाहून एवढं कळत होतं, की लेखक नावाचा माणूस दिवसभर खिडकीपाशी बसून काहीतरी गरम पीत असतो आणि त्याला कोणी हाक मारत नाही.

तरी मी वाचली. भाचीनं प्रेमानं पाठवलेली, आणि मी अडलेली. अडलेला माणूस वाटेत दिसेल ते औषध घेतो.

पहिलं पुस्तक सांगत होतं, की सूर्याआधी उठा. ती वेळ फक्त तुमची. कोणाशी न बोलता, मनात येईल ते लिहीत सुटा. मी उठले. कागद घेतला. तेवढ्यात यांना भांडं हवं होतं. ते देऊन आले, तर नळ आले. आमच्याकडे नळ त्याच वेळी येतात आणि लवकर जातात. पाणी भरलं, यांचं अंग पुसलं, कूस बदलून दिली, तोवर सूर्य वर आला होता आणि ती फक्त माझी असलेली वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी पाणी कोण भरतं, हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी मुद्दाम शोधलं.

दुसरं पुस्तक म्हणे, लेखनासाठी स्वतंत्र खोली ठेवा, तिचा रंग फिका असू द्या. आमच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. एका खोलीत खाट, दुसरीत तांदळाच्या चुंगड्या, म्हणजे पोती. रंग त्या चुंगड्यांचा फिका होता, एवढं मान्य करायला हवं. तिसरं म्हणे, असं लिहा की ते कोणीही वाचणार नाही. मला हसूच आलं. आमच्या नाटकाला चार गावचे लोक बैलबंड्या, टेम्पो, मोटारसायकली करून येतात, पोरंबाळं घेऊन बसतात, आणि संवाद पडला की तिथल्या तिथे तोंडावर सांगतात. कोणी ऐकणारच नसेल तर मी कशाला मान मोडू?

चौथ्या पुस्तकाशी आले तेव्हा होळी होऊन गेली होती आणि मोहफुलं पडायला लागली होती. त्या दिवसांत जवळच्या गावातली एक बाई पहाटे मोह वेचायला गेली आणि तिला वाघानं नेलं. मी तिच्या जावेला शाळेत शिकवलेलं. फॉरेस्टची गाडी भोंगा लावून फिरत होती, एकट्यानं जंगलात जाऊ नका, जायचंच तर घोळक्यानं जा, बोलत जा, आवाज करत जा. ती गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा मी खाटेजवळ बसून ते पुस्तक वाचत होते. आणि त्यात नेमकं लिहिलेलं, की जंगलात जा. एकटे जा. पहाटे जा. फोन घरी ठेवा, कोणालाही सांगू नका, पावलांचा आवाज होऊ देऊ नका, निसर्ग तुम्हाला आपल्यात सामावून घेईल.

मला इतका संताप आला की ते पान मी मोठ्यानं वाचलं. कोणाला ऐकवायचं म्हणून नाही, रागानं. निसर्ग सामावून घेईल, हे तर दोनदा वाचलं.

खाटेवरून आवाज आला. काहीतरी चिकट, ओढलेलं. मी म्हटलं, पाणी हवं का? त्यांनी डावा हात झटकला. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि जोर लावून पुन्हा म्हणाले, "वाघाले तं... सांगजो... येऊन राह्यली मनून."

पोळ्यापासून त्या माणसानं एक शब्द उच्चारला नव्हता. आता सबंध वाक्य बोलला, तेही टोमणा. मी त्यांच्याकडे नुसती पाहत राहिले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून चिडून तिसऱ्यांदा म्हणाले. वाघ या शब्दाला त्यांच्या तोंडातून लाळ आली. ती त्यांनी स्वतःच डाव्या हातानं पुसली आणि म्हणाले, "वाच."

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज दुपारी त्या पुस्तकांचं वाचन सुरू झालं. चहा झाला की मी खाटेजवळ बसायची, चाचा खुर्चीवर, आणि मी मोठ्यानं वाचायची. मी मुद्दाम वाईटातली वाईट पानं शोधून ठेवायची. चांगल्या पानांचा काही उपयोग नव्हता, त्यावर ते मान हलवून गप्प बसायचे. चीड आली की मात्र बोलायचेच. एका पुस्तकात लिहिलं होतं, रोज सकाळी आपल्या घरातल्या वस्तूंना धन्यवाद द्या. यजमान म्हणाले, "संडासच्या... डब्याले पन?" चाचा म्हणाले, "देना पडेगा भाऊ, सबसे ज्यादा तो उसकोच देना पडेगा." दोघं इतके हसले की यांना ठसका लागला, आणि मी घाबरून पाणी आणायला धावले.

आरशापुढे आ म्हणायला जो माणूस तयार नव्हता, तो आता त्या लेखकांना नालायक म्हणायला न आणि ल पुन्हा पुन्हा घोटत होता. शब्द अजून तुटायचे. थकले की सगळं एकमेकांत मिसळायचं. पण चाचांना कळायचं, मला कळायचं. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, चांगली प्रगती आहे, कोणता व्यायाम करवता? मी म्हटलं, वाचन. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

यात त्या पुस्तकांचं काही श्रेय आहे असं मी मानत नाही, आणि कोणी मानू नये. एवढ्या मूर्खपणावर बोलल्याशिवाय त्यांना राहवलं नाही, एवढंच. भाचीला मी सांगितलं, पुस्तकांचा फार उपयोग झाला. ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिला खरं काय ते सांगणं माझ्यानं झालं नाही.

पाचवं पुस्तक चहाच्या कपाचं. ते मी आधी चाळलं नव्हतं. त्या दुपारी चाचाही आले नव्हते, त्यांच्याकडे लग्नाचे कपडे होते. मी मधलंच पान उघडून वाचायला लागले. काही माणसं तुमची ऊर्जा शोषून घेतात, असं लिहिलं होतं. ती सतत मागत असतात, देत काही नाहीत. कदाचित ती तुमच्या घरातच असतील. त्यांच्यापासून दूर व्हा, अपराधी वाटू देऊ नका, तुमची प्रतिभा त्यांच्याहून मोठी आहे. मी वाचत गेले ते केवळ सवयीनं, पुढे काय आहे ते डोळ्यांना दिसायच्या आधी तोंडातून बाहेर पडलं होतं.

मी थांबले. ते छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "मी होय... का तो?"

"कोन?"

"घरातला. मांगनारा."

मी म्हटलं, "तुमी काऊन असान? तो लिवनाराच होय तसा." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी चाचा आले, मी दुसरं पुस्तक काढलं, त्यातलं सगळ्यात हास्यास्पद पान वाचलं, चाचा एकटेच हसले. पाणी पाहिजे तर पुन्हा बोटानं खूण. असं बरेच दिवस चाललं. मी त्या पुस्तकावर इतकी चिडले होते की ते चुलीत घालायचं मनात आलं होतं, पण आमच्याकडे गॅस आहे.

अशात भाचीचा फोन आला. आनंदात होती. चहाच्या कपाचे लेखक चंद्रपूरला येणार होते, एक दिवसाचं सत्र घ्यायला. लेखन आणि स्वास्थ्य. "मी तुझं नाव नोंदवून टाकलंय मावशी. माझ्याकडून गिफ्ट." एरवी मी सबब सांगितली असती. या वेळी म्हटलं, जाते. यजमानांजवळ चाचा आणि चाची दोघं थांबले. मी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला गेले.

मे महिना होता. चंद्रपूरचा मे काय असतो ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. हॉल थंडगार होता. लेखक पांढऱ्या कुडत्यात होते, माझ्याहून लहान, आवाज मऊ. चपला बाहेर काढायला लावल्या. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि स्पीकरवर लाटांचा आवाज लावला. तुम्ही समुद्रकिनारी आहात, म्हणाले, पायाखाली ओली वाळू आहे. बाहेरच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांची थरथर खुर्चीत लागत होती. माझ्या शेजारी एक शिक्षिका होती. तिनं डोळे मिटूनच हळू विचारलं, "समुद्र पायला का तुमी?"

"एकदा," मी म्हटलं.

"मी नाई पायला. मी इरईचं धरन धरलं डोयापुढं. चालन का?"

मी म्हटलं, चालेल.

मग ते बोलले. पुस्तकातलंच बोलले, पण थांबून थांबून, जणू आत्ताच सुचतं आहे. लोक लिहून घेत होते. जेवणानंतर प्रश्नांची वेळ आली. एकानं विचारलं, चहा कोणता प्यावा. मी हात वर केला.

मी उभी राहिले आणि ते पान वाचून दाखवलं. पुस्तक बरोबर नेलं होतं. मग म्हटलं, "घरात माणूस आजारी असेल तर तो मागतच असतो. तर त्याच्यापासून दूर व्हायचं म्हणजे कुठे जायचं?"

ते हसले. फार सुंदर प्रश्न आहे, म्हणाले. मग आधी स्वतःचा कप भरा, तो भरून वाहिला की दुसऱ्याला देता येतं, असं बरंच बोलले. मी बसले नाही.

"तुमच्या घरी कोणी आजारी होतं का?" मी विचारलं.

त्यांना तो प्रश्न अपेक्षित नव्हता. तरी त्यांनी उत्तर दिलं. "आई होती. काही वर्षं अंथरुणावर होती."

"कोण करत होतं त्यांचं?"

"माझी बहीण. आई तिच्याकडे होती."

"आणि तुम्ही?"

"मी तेव्हा हेच पुस्तक लिहीत होतो. मित्राचं एक घर आहे डोंगरात, तिथे." हे त्यांनी सहज सांगितलं. त्यात काही सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"बहीण काय करतात?"

"ती घरीच असते." मग जरा कौतुकानंच म्हणाले, "पूर्वी कविता करायची. छान करायची. आता नाही करत."

मला वाटतं एका क्षणासाठी त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं. ते खाली पाहायला लागले. पण तेवढ्यात सूत्रसंचालक पुढे आला, ताईंच्या मनात बरीच नकारात्मकता साठली आहे, आपण सगळे त्यांच्यासाठी एक खोल श्वास घेऊया, म्हणाला. आणि तो सबंध हॉल माझ्यासाठी श्वास घेऊ लागला. मी चपला घातल्या आणि स्टेशनवर येऊन बसले.

गाडीत मला राग आला नाही. राग माझा संपला होता. त्याच्या जागी एक प्रकारची किळस होती, आणि त्या किळसेच्या मागे ती बहीण. मी तिला पाहिलं नव्हतं. ती कुठल्या गावची, कशी दिसते, काही ठाऊक नव्हतं. पण आईची कूस बदलताना तिला एखादी ओळ सुचली असेल आणि भांडं धुवून येईतो ती निसटली असेल, हे मला दिसत होतं. भावाचं पुस्तक तिच्या घरीही गेलं असणार. त्यावर त्यानं सही केली असणार. मला त्याचं पुस्तक नको होतं, तिचं हवं होतं, आणि ते कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं.

घरी आले तर चाचा जागेवरून उठले आणि म्हणाले, "दिनभर पूछ रहे थे. बोटानंच, पर पूछ रहे थे." ते गेल्यावर मी खाटेजवळ बसले आणि सगळं सांगितलं. समुद्र, ट्रक, इरई धरण, श्वास. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. आई बहिणीकडे होती म्हटलं तेव्हा इकडे वळले. ती कविता करायची म्हटलं तेव्हा मला थांबवलं.

"आता?"

"नाई करत म्हने."

ते मग म्हणाले, "लय हरामी... मानूस होय." मी म्हटलं, हरामी नाही हो, हरामी असता तर लपवलं असतं. त्यांनी त्यावर विचार केला. आणि म्हणाले, "तिच्यावर लिव."

पावसाळाभर मी लिहीत होते. सूर्याआधी वगैरे नाही. भात शिजेपर्यंत, हे झोपले की, चाचा बसले असले की. एका बहिणीचं नाटक. भाऊ शहरात मोठा कीर्तनकार झालेला, लोकांना आईची सेवा शिकवतो, आणि आई बहिणीच्या घरी. प्रत्येक प्रवेश वाचून दाखवत होते. आता ते मला मधेच तोडून बोलायचे, पूर्वीसारखं फटाफट नाही, एकेक शब्द खणून काढल्यासारखं, पण बोलायचे. एकदा एका संवादावर सबंध दुपार भांडलो. बहीण भावाला शिव्या देते असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, नाही देणार. तिला वेळ नाही. मी ते संवाद काढले.

दसऱ्याच्या सुमारास वडशाला तालीम लागली. कंपनीच्या मालकांनी आग्रह केला, भाऊंनाही आणा, म्हणजे यांना. चाचांच्या ओळखीची गाडी केली, यांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. तालीम दिवसाचीच होती, एका राईस मिलच्या शेडमध्ये, कोंड्याचा वास भरलेला. मालकांनी खुर्ची दिली. बहिणीचं काम करणारी नटी फार तयारीची होती. ती नुसती भांडी घासायला बसली तरी आपण तिच्याकडेच पाहत राहतो.

शेवटच्या प्रवेशाला मालक म्हणाले, "बाई, सगळं बराबर हाय. पन भाऊ आखरीले रडला पायजे. बहिनीच्या पायावर पडला पायजे. पब्लिक त्याच्याशिवाय घरी जाईन का?"

मी काही म्हणायच्या आधी यजमान बोलले, "नाई. नाई रडत तो."

"काऊन भाऊ?"

"त्याले... कयतच नाई."

मालकांना अर्धं समजलं, अर्धं मी सांगितलं, की आपलं काय चुकलं हेच त्या भावाला कळत नाही. ते हसून म्हणाले, "भाऊ, कयत नाई हे बराबर हाय, पन ते तुमच्या घरात. इथी चार हजार मानूस बसून राह्यते. त्यांच्या घरातले भाऊ पन तसेच. त्यांना इथी तरी रडताना पाहू द्या." मग आणखी एक सांगितलं, की भावाचं काम करणारा नट चांगला गातो, आणि त्याला एक पद द्यावंच लागेल, नाहीतर तो दुसऱ्या कंपनीत जाईल.

मी तयार झाले. लिहिणाऱ्यांना कोणाशी तडजोड करू नका असं ती पाचही पुस्तकं सांगतात. त्यांना कंपनी सांभाळायची नसते. मी तिथेच बसून पद लिहिलं, भाऊ रडतो, पायावर पडतो, बहीण त्याला उठवते. नटानं ते दोनदा गाऊन पाहिलं. आवाज खरंच चांगला होता. त्या वर्षी ते नाटक पुष्कळ गावांत लागलं, आणि त्या पदाला लोक पुन्हा एकदा म्हणून ओरडत.

यजमानांना ते आवडलं नाही. त्या दिवशी वडशाहून परतताना ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. खिडकीबाहेर पाहत बसले. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत आलं होतं. मला त्या गप्प बसण्याची काळजी वाटली नाही. ते नवऱ्याचं रुसणं होतं, साधं, आमच्या लग्नाइतकं जुनं. ब्रह्मपुरीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे वळवलं आणि त्याला सांगायला लागले, की बायकोनं चांगलं नाटक कसं बिघडवलं. ड्रायव्हर नवा होता. त्याला यांचे शब्द कळत नव्हते. तो दर वाक्याला माझ्याकडे पाहायचा आणि मी माझ्याच नाटकाची निंदा त्याला नीट समजावून सांगायची. नागभीड येईपर्यंत तेच चाललं.